तंबूगाडीची विजेची शिदोरी

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागांतील पोर्ट ऑगस्टा हें गांव सोडून स्टुअर्ट महामार्गानें उत्तरेस निघालें म्हणजे सुमारें ५४० किलोमीटरवर कूबर पीडी लागतें. १९१५ सालीं तेथें ओपल नांवाचीं रत्नें सांपडलीं, आणि उन्हाच्या तडाख्यांतून सुटण्यासाठीं लोकांनीं जमिनीच्या पोटांत घरें खोदलीं. मधल्या वाटेवर पेट्रोलपंपांच्या एक-दोन वस्त्या सोडल्या तर तांबडी माती, खुरटीं झुडपें आणि क्षितिजापर्यंत सरळ गेलेली डांबरी सडक, यांखेरीज दृष्टीस फारसें कांहीं पडत नाहीं.

असा प्रवास एखादें मराठी कुटुंब करीत आहे, असें श्रोत्यांनीं क्षणभर कल्पावें. मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आतां थोडींथोडकीं नाहींत, आणि श्रोत्यांपैकीं कित्येकांचीं लेंकरें तिकडेच आहेत. तेव्हां कल्पनेस फारसा ताण पडूं नये. मोटारींत मुलगा, सून, दोन नातवंडें आणि पुण्याहून आलेली आजी. मोटारीच्या मागें दोन चाकांची एक गाडी जोडलेली. तिला तिकडे कॅम्पर ट्रेलर म्हणतात; मराठींत तंबूगाडी म्हटलें तर चालेल. मुक्कामावर तिचें झांकण उघडलें कीं बिछान्यासकट तंबू उभा राहतो, बाजूचा खण ओढला कीं चूल बाहेर येते, आणि एका कप्प्यांत विजेवर चालणारा लहानसा फ्रीज असतो. त्या फ्रीजमध्यें दूध, भाज्या व मुलांसाठीं घेतलेलें आइस्क्रीम आहे. आणि एका डबींत आजीचें महिनाभराचें इन्सुलिन आहे. न उघडलेलें इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावें लागतें. बाहेर उन्हाचा पारा चाळिशीकडे झुकलेला आहे.

आदल्या दिवशीं या मंडळींनीं रानांत मुक्काम केला होता. फ्रीज दिवसरात्र चालला, आणि सकाळीं निघतांना तंबूगाडीची बॅटरी अर्धी रिकामी झाली होती. त्याची कोणासच काळजी नव्हती. मोटारीचें इंजिन सहा तास चालणार, तें बॅटरी भरून काढील, हा सर्वांचा भरंवसा. सायंकाळीं कूबर पीडीस पोहोंचल्यावर मुलानें फ्रीज क्षणभर बंद केला, थोडा वेळ थांबून बॅटरीस मीटर लावला, आणि मीटरवर आंकडा आला १२.२ व्होल्ट. म्हणजे सकाळीं होती तितकीच रिकामी.

आजी म्हणाली, "अरे, दिवसभर तर गाडी पळत होती. मग हिचें पोट रिकामें कसें राहिलें?"

आजीचा प्रश्न अगदीं नेमका होता. जगांत तंबूगाडी घेऊन हिंडणाऱ्या पुष्कळ लोकांस तो पडतो आणि बहुतेकांना चुकीचें उत्तर मिळतें. बॅटरी जुनी झाली, नवी घ्या, असें दुकानदार सांगतो. ती घेतली जाते, आणि पुढल्या प्रवासांत तीही तशीच उपाशी राहते. दोष बॅटरींत नसून तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेंत आहे, हें ध्यानांत येईपर्यंत दोन बॅटऱ्यांचे पैसे गेलेले असतात.

तंबूगाडीची बॅटरी ही कांहीं अपरिचित वस्तु नव्हे. वीज गेल्यावर घरांतले पंखे चालविणाऱ्या इन्व्हर्टरखालीं जी जड बॅटरी असते, तिचीच ही बहीण. शिसें आणि गंधकाम्ल यांवर चालणारी ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली, आणि इतक्या वर्षांत तिचें अंतरंग फारसें पालटलेलें नाहीं. तंबूगाडींत बहुधा तिची एजीएम नांवाची जात वापरतात. तींत आम्ल कांचतंतूंच्या थरांत शोषून ठेवलेलें असतें, त्यामुळें धक्क्यानें सांडण्याची भीति नाहीं आणि पाणी घालण्याची कटकटही नाहीं. आंत सहा कोठड्या, प्रत्येकींत सुमारें २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ पडलेली असतांना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखविते. अर्धी भरलेली १२.२ दाखविते. ११.८ च्या खालीं गेली तर ती रिकामीच समजावी. भरल्या व रिकाम्या बॅटरींत अंतर आहे तें एका व्होल्टाहूनही कमी! ही गोष्ट मनांत पक्की ठसली पाहिजे, कारण पुढील सगळा हिशेब व्होल्टाच्या अंशांचाच आहे.

उंचावरच्या टाकींत पाणी चढवावयाचें तर पाण्याचा जोर टाकीच्या उंचीपेक्षां अधिक हवा. बॅटरी भरण्यासही तसाच अधिक दाब लागतो. शिशाच्या बॅटरीस सुमारें १४.४ व्होल्टांचा दाब कित्येक तास मिळाला, तर ती तृप्त होते. तेरा व्होल्टांवरही तिच्यांत थोडी वीज शिरते, नाहीं असें नाहीं. पण तें जेवण नव्हे, नुसतें तोंड ओलें करणें होय.

शिवाय ती शेवटीं शेवटीं फार सावकाश भरते. नाटकगृहाचे दरवाजे उघडले म्हणजे पहिली मंडळी भराभर जागा पटकावतात. उशिरां येणारांना मात्र अंधारांत, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, रिकामी खुर्ची शोधावी लागते. बॅटरीचें पहिलें तीन-चतुर्थांश पोट पुरेसा दाब असल्यास दोन-तीन तासांत भरतें, आणि उरलेल्या भागास तितकाच किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो, मग तारा कितीही उत्तम असोत. अर्धपोटीं राहण्याची संवय लागलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसूं लागतात, आणि एकदां ते कडक झाले कीं सहसा निघत नाहींत. अशा बॅटरीवर शंभर अँपिअर-तास असें छापलेलें असलें तरी तिच्यांत प्रत्यक्ष मावते साठच.

आतां विजेची वाट पाहावयाची. मोटारीच्या इंजिनास पट्ट्यानें जोडलेलें आल्टर्नेटर नांवाचें जनित्र असतें. तेथें वीज उत्पन्न होते आणि प्रथम मोटारीच्या स्वतःच्या बॅटरीस मिळते. इंजिन सुरू करणें हें त्या बॅटरीचें काम. तिच्यापासून तार निघते; ती मोटारीच्या बुडाखालून मागें जाते, जोडाच्या ठिकाणीं प्लगमधून तंबूगाडींत शिरते, तिच्या सांगाड्याच्या कडेनें पुढें जाते आणि शेवटीं दुसऱ्या बॅटरीस पोहोंचते. हें अंतर नऊ-दहा मीटर सहज भरतें. वीज गेली तशी परत यावयास हवी, म्हणून ऋण बाजूची तारही तितकीच धरली पाहिजे. म्हणजे अठरा मीटरांची यात्रा झाली.

तारेंत वीज किती खर्ची पडते याचा नियम जॉर्ज ओहम यानें १८२७ सालीं छापून प्रसिद्ध केला. हा ओहम त्या काळीं जर्मनींतील कोलोन येथें शाळामास्तर होता, ही गोष्ट मास्तरवर्गास थोडी अभिमानाची वाटली तर क्षम्य आहे. त्याच्या देशांतील विद्वानांनीं प्रथम त्याच्याकडे कानाडोळा केला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला पदक दिलें, तेव्हां कोठें घरच्यांचे डोळे उघडले. नियम पोरांसही समजावा इतका साधा आहे: तारेंतून जितके अँपिअर जातात त्यांस तारेच्या विरोधानें गुणलें कीं वाटेंत गमावलेले व्होल्ट मिळतात.

गणित करून पाहिलें पाहिजे. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध सुमारें ०.०१७ ओहम असतो. तार जितकी लांब तितका तो वाढतो, जितकी जाड तितका घटतो. आपल्या कल्पित कुटुंबाच्या तंबूगाडींत दुकानांत '६ मिलिमीटर' म्हणून मिळणारी तार घातलेली आहे. वाचणारा समजतो, छेद ६ चौरस मिलिमीटर असेल. येथेंच फसगत आहे. ऑस्ट्रेलियांत मोटारीच्या तारा पुष्कळदां बाहेरच्या व्यासावर, आणि तोही वरचें प्लास्टिकचें आवरण धरून, विकल्या जातात. रजई पांघरलेल्या माणसाच्या कमरेचें माप घ्यावें आणि त्यावरून त्याला पैलवान ठरवावें, त्यांतलाच हा प्रकार! या '६ मिलिमीटर' तारेच्या पोटांत तांबें असतें सुमारें ४.६ चौरस मिलिमीटर. '४ मिलिमीटर' म्हणून मिळणाऱ्या तारेंत तर दोन चौरस मिलिमीटरही नसतें.

४.६ छेदाच्या अठरा मीटर तारेचा विरोध भरतो ०.०६७ ओहम. आंकडा क्षुल्लक दिसतो. परंतु बॅटरी भुकेलेली असतांना वीस अँपिअर ओढूं लागली कीं १.३ व्होल्ट वाटेंतच नाहींसे होतात. पुढें आल्टर्नेटर १४.४ व्होल्ट देत असला तरी मागें उरतात १३.१. प्लग व जोड मळलेले असतील तर ते आणखी थोडे गिळतात, आणि ऋण बाजूस स्वतंत्र तार न घालतां ओढणीच्या गोळ्यावर व गंजलेल्या सांगाड्यावर भिस्त ठेवली असेल तर हिशेबच करूं नये. हीच यात्रा १३.५ चौरस मिलिमीटरच्या तारेनें केली तर वीस अँपिअरांवर तोटा अर्ध्या व्होल्टाच्या आंत राहतो. या जाड तारेस तिकडे '६ बी अँड एस' असें नांव आहे. एकाच दुकानांत, एकाच फळीवर, दोन्ही तारांच्या नांवांत सहाचा आंकडा, आणि एकींत तांबें दुसरीच्या जवळ जवळ तिप्पट! नांवें ठेवणाऱ्यानें गिऱ्हाइकाची परीक्षा पाहण्याचेंच ठरविलें होतें कीं काय, कोण जाणे.

येथें वर्गांतला एखादा चलाख मुलगा उठून शंका काढील. बॅटरी भरत आली म्हणजे ती वीज कमी ओढते. वीज कमी गेली म्हणजे तोटाही कमी. मग बारीक तारेनेंही अखेर पूर्ण दाब पोहोंचणार नाहीं काय? शंका योग्य आहे. पोहोंचेल, पण केव्हां? बारीक तार बॅटरीस वीज नाकारीत नाहीं. ती तिचा वेळ खाते. घरीं चार दिवस चार्जरला लावून ठेवलेल्या बॅटरीस त्यानें बिघडत नाहीं. प्रवाशाजवळ मात्र दिवसाचे पांच-सहा तासच असतात. आणि त्या वेळांतही फ्रीज चालूच असतो. त्याचे चार-पांच अँपिअर त्याच तारेंतून येत असल्यामुळें दाब पूर्ण चढूंच देत नाहींत.

दिव्यांसाठीं तंबूगाडीस सात खुंट्यांचा एक प्लग असतो. त्याच्या एखाद्या मोकळ्या खुंटीवरून बॅटरी भरण्याची युक्ति हौशी लोक योजतात. त्या तारा मागील दिव्यांपुरत्या बारीक असतात. त्यांच्याकडून या कामाची अपेक्षा करणें म्हणजे चहाच्या गाळणीनें विहीर उपसणें. म्हणून ऑस्ट्रेलियांत ५० अँपिअरचा, करड्या रंगाचा अँडरसन प्लग मोटारीच्या मागें स्वतंत्रपणें बसविण्याची वहिवाट पडली आहे. ती चांगली आहे.

इतकें झालें तरी आजीच्या प्रश्नाचें अर्धेंच उत्तर मिळालें. उरलेलें अर्धें इंजिनाजवळ आहे.

पूर्वीच्या मोटारींत डायनॅमो असे. १९६० च्या सुमारापासून त्याची जागा आल्टर्नेटरनें घेतली. त्या आल्टर्नेटरचा दाब इंजिन चालू असेतों बहुधा १४ व्होल्टांच्या थोडा वर स्थिर राही. फार तर इंजिनाची धग वाढली कीं दोन-चार दशांश उतरे. त्यावर विसंबून तंबूगाडीची बॅटरी एका रिलेनें जोडीत असत. दाब साधारण १३.३ च्या वर गेला कीं रिले दोन्ही बॅटऱ्या जोडी, १२.८ च्या खालीं आला कीं तोडी. त्यामुळें मुक्कामावर फ्रीजनें मोटारीची बॅटरी चाटून पुसून खाल्ली आणि सकाळीं इंजिन सुरूच होईना, असा प्रसंग टळे. सोपी, स्वस्त आणि प्रामाणिक योजना!

अलीकडील कित्येक मोटारींनीं ही योजना मोडीत काढली. इंधन वांचावें व धूर कमी व्हावा म्हणून त्यांचा आल्टर्नेटर मोटारीच्या संगणकाच्या हुकुमांत वागतो. मोटारीची स्वतःची बॅटरी पुरेशी भरली आहे असें त्या संगणकास दिसलें कीं तो दाब उतरवितो. कधीं १३ च्या खालीं, कधीं साडेबारांच्याही खालीं. उतारावर किंवा ब्रेक दाबल्यावर मात्र फुकटची शक्ति मिळते म्हणून तोच दाब १५ च्या आसपास चढवितो. मोटारीच्या दृष्टीनें हें शहाणपणाचें आहे. मागें एक दुसरी बॅटरी तहानलेली आहे, याची त्या संगणकास गंधवार्ताही नसते. दाब उतरला कीं जुना रिले समजतो, इंजिन बंद झालें; आणि तो जोड तोडून मोकळा होतो. मग भर हमरस्त्यावर, इंजिन धडधडत असतांना, फ्रीज मागच्या बॅटरीवर चालत राहतो. रिले बदलून जोड कायम राखला, तरी साडेबारा व्होल्टांनीं बॅटरी कशी भरणार?

यावर उपाय आहे तो डीसी-डीसी चार्जर नांवाच्या वहीएवढ्या धातूच्या पेटीचा. पुढून १२ व्होल्ट आले काय किंवा १५ आले काय, मागें बॅटरीस जो दाब हवा तोच ती देते: प्रथम भरघोस प्रवाह, मग १४.४ वर धरून ठेवणें, आणि पोट भरल्यावर साडेतेराच्या आसपास नुसती राखण. आंतलें एक वेटोळें सेकंदास हजारों वेळां वीज घेतें व सोडतें, आणि त्या झटक्यांतून कमी दाबाचा अधिक दाब होतो. विहिरीवरील पंपाशीं याची तुलना करावी. पंप पाणी वर चढवितो. निर्माण करीत नाहीं.

'निर्माण करीत नाहीं' हे शब्द पेटी विकत घेणारानें विसरूं नयेत. २५ अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टांवर ३६० वॅट देतो. स्वतःची दहा टक्के मजुरी धरली तर तो पुढून ४०० वॅट मागणार. पुढचा दाब १२ व्होल्ट असला तर तारेंतून ३३ अँपिअर वाहतात, २५ नव्हे! मघांच्या बारीक तारेंत ३३ अँपिअर सोडले तर सव्वादोन व्होल्टांचा चुराडा होतो. दाब आणखी पडतो, तो भरून काढण्यासाठीं चार्जर आणखी ओढतो, आणि शेवटीं दाब फारच कमी झाला म्हणून दमून बंद पडतो. चार्जर घेतला, आतां तार कशीही चालेल, हा समज म्हणूनच खोटा आहे. चार्जर बसवावा तंबूगाडींत, तिच्या बॅटरीच्या लगत. आणि तारही जाडच घालावी. नव्या मोटारींत आणखी एक बारीक तार किल्लीच्या खटक्यापासून चार्जरपर्यंत न्यावी लागते, कारण इंजिन चालू आहे कीं नाहीं हें त्यास नुसत्या दाबावरून ओळखतां येत नाहीं.

हल्लीं पुष्कळ लोक शिशाच्या जागीं लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी घालतात. अमेरिकेंतील टेक्सस येथें जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें द्रव्य शोधून १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. ती वजनानें निम्म्याहून हलकी असते आणि जवळ जवळ तळापर्यंत वापरतां येते. परंतु ती अधाशी आहे. दाब मिळाला कीं मिळेल तितकी वीज ओढते, आणि जाड तारेनें थेट जोडली तर मंदगतीनें चालणाऱ्या इंजिनाचा आल्टर्नेटर तापून जळण्याची पाळी येते. तिच्यासाठीं चार्जर हवा तो दाब वाढविण्यापेक्षां तिच्या खाण्यास आळा घालण्यासाठीं. शून्य अंशाखालच्या थंडींत ती भरूं नये हेंही पथ्य आहे. व्हिक्टोरियाच्या डोंगराळ मुलखांतील हिंवाळी रात्रीं त्याची आठवण ठेवावी लागते.

फ्यूजविषयीं थोडक्यांत, परंतु निक्षून सांगितलें पाहिजे. मोटारीच्या बुडाखालून गेलेली धन तार खडबडीत रस्त्यावर दिवसेंदिवस लोखंडावर घासते. आवरण फाटून ती सांगाड्यास टेकली तर शेंकडों अँपिअर वाहतात, तार लाल होते आणि मोटार पेट घेते. म्हणून बॅटरीच्या ध्रुवापासून हातभर अंतराच्या आंत फ्यूज हवा. आणि तो दोन्ही टोंकांस हवा; कारण मागची बॅटरीही विजेचा सांठाच आहे, आणि पुढचा फ्यूज उडाला तरी ती मागून तार तापवीत राहील. हें दुसरें टोंक विसरणारे लोक फार.

आतां पुन्हां कूबर पीडीच्या त्या सायंकाळीं. मुलगा विजेचा जाणकार नव्हता, पण त्याच्याजवळ मीटर होता आणि आईनें विचारलेला प्रश्न डोक्यांत घोळत होता. त्यानें इंजिन सुरू केलें. पुढच्या बॅटरीवर मीटर लावून आंकडा टिपला: १४.३. मग मीटर मागें नेऊन आजीच्या हातीं दिला; सूनबाईंनीं विजेरी धरली आणि आजीनें चष्मा कपाळावरून खालीं घेऊन मोठ्यानें वाचलें, "तेरा पूर्णांक एक." बॅटरी भुकेली असतांना एकाच वेळीं दोन टोंकांस घेतलेले हे दोन आंकडे म्हणजे सगळ्या रोगाची नाडीपरीक्षा. १.२ व्होल्टांचें अंतर हा तारेचा दोष.

वीस मिनिटांनीं पुन्हां पाहिलें. पुढें १२.८, मागें १२.६. इंजिन तर चालूच होतें. हा आल्टर्नेटरचा लहरीपणा. सहा तासांत बॅटरी कां भरली नाहीं, याचीं दोन्ही कारणें अर्ध्या तासांत, एका मीटरच्या साहाय्यानें, समोर येऊन उभीं राहिलीं. बॅटरी बिचारी निर्दोष होती.

रात्र मात्र काढावयाची होती. फ्रीज तासास सरासरी तीन अँपिअर-तास खात होता. उरलेल्या पन्नासांपैकीं पहांटेपर्यंत चाळीस जाणार आणि इन्सुलिन ऊन खाणार, हें गणित सुनेनें कागद न घेतां केलें. मंडळी रानांत न उतरतां गांवांतील कॅरव्हॅनच्या तळावर गेलीं आणि २३० व्होल्टांच्या खांबाशेजारची जागा भाड्यानें घेतली. मौजेची गोष्ट अशी कीं कूबर पीडी हें गांवही देशाच्या विजेच्या जाळ्यास जोडलेलें नाहीं. २०१७ पासून तें वारा, ऊन, बॅटऱ्या आणि डिझेल यांवर स्वतःचा संसार चालवितें. त्या विजेवर रात्रभर चार्जर चालला. सकाळीं बॅटरी भरलेली होती, आणि फ्रीजमध्यें इन्सुलिनच्या डबीशेजारीं ठेवलेल्या उष्णमापकावर पारा होता ५ अंशांवर. पारा वर चढूं नये याइतकाच तो शून्याखालीं उतरूं नये याचाही घोर असतो, कारण गोठलेलें इन्सुलिन फेंकून द्यावें लागतें. थंडावा जास्त हवा म्हणून फ्रीजची कळ उगाच पिळणाऱ्या नातवास आजीनें एवढ्यासाठींच दटावलें होतें.

तेथून अ‍ॅलिस स्प्रिंग्ज सुमारें ६९० किलोमीटर. वाटेंत मार्ला येथें एक मुक्काम, तोही विजेच्या खांबाशेजारींच, असें ठरलें. दुसरी बॅटरी विकत घेण्याचा विचार मुलाच्या मनांत येऊन गेला होता. एका पोटास पुरत नसलेलें अन्न दोघींस कसें पुरेल, असें आजीनेंच विचारल्यावर तो मागें पडला. उघडमीट करतां येणारें दोनशे वॅटचें सोलर पॅनेल मात्र विचार करण्यासारखें होतें. गाडी उभी असतां, इंजिन बंद असतां, तें काम करतें. त्याची आणि आल्टर्नेटरची स्पर्धा नाहीं. पण आधीं तार.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जला एका मोटार-वीजतंत्र्याकडे दिवस मोडला. त्यानें जुनी तार काढली. तिचें आवरण एके ठिकाणीं घासून तांबें दिसूं लागलें होतें, तें त्यानें बोलावून दाखविलें. १३.५ चौरस मिलिमीटरच्या दोन तारा, धन व ऋण, पुढून मागपर्यंत ओढल्या. दोन्ही टोंकांस फ्यूज बसविले. तंबूगाडीच्या बॅटरीशेजारीं २५ अँपिअरचा चार्जर लावला आणि किल्लीच्या खटक्याची बारीक तार त्यास जोडली. मंडळींनीं ती रात्र गांवाबाहेर, खांब नसलेल्या जागीं, मुद्दाम काढली.

सकाळीं मीटरवर पुन्हां १२.२ होते. टेनंट क्रीकच्या वाटेवर दोन तासांनीं पहिला थांबा झाला. इंजिन चालू ठेवून मुलानें पुढें पाहिलें: १२.७. मग त्यानें मागें हांक मारली. आजी मीटर घेऊन तयारच होती.

"चौदा पूर्णांक चार," ती म्हणाली, आणि खात्रीसाठीं तिनें आंकडा पुन्हां एकदां वाचला.